खोका टांगला म्हणजे पक्षी वाचला असे नाही

उत्तर अमेरिकेतला ब्लूबर्ड हा निळ्या पाठीचा, तांबूस छातीचा पक्षी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात झपाट्याने कमी झाला. त्याची चोच लाकूड कोरण्याजोगी नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा लाकूड कुजून झालेली ढोली मिळाली, तरच त्याचा संसार उभा राहतो. शेते नीटनेटकी करताना वठलेली झाडे तोडली गेली, कुंपणाचे कुजके लाकडी खांब जाऊन लोखंडी आले. उरलेल्या ढोल्या दोन परक्या पक्ष्यांनी बळकावल्या: १८५० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सोडलेली चिमणी आणि १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेला, आपल्या साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंग. आज पूर्वेकडचा ब्लूबर्ड पुन्हा सर्रास दिसतो आणि त्याचे मोठे श्रेय सामान्य माणसांनी उभारलेल्या लाकडी घरट्यांना जाते. १९३० च्या दशकात इलिनॉयमध्ये थॉमस मसलमन यांनी रस्त्याच्या कडेने अशा घरट्यांची रांगच लावली. १९७८ मध्ये लॉरेन्स झेलेनी यांच्या पुढाकाराने नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन झाली.

या यशाचे मर्म मात्र खोक्यात नाही, राखणीत आहे. घरट्याचे भोक दीड इंचाचे ठेवले की स्टार्लिंग आत शिरत नाही. चिमणी शिरते, आणि प्रसंगी ब्लूबर्डची अंडी फोडते, पिल्लांना नि बसलेल्या मादीलाही मारते. खांबाला पत्र्याचे आवरण नसेल तर साप आणि रॅकून सहज वर चढतात. म्हणून तिथले जाणकार विणीच्या काळात आठवड्याला प्रत्येक घरटे उघडून पाहतात, चिमणीने आणलेल्या काड्या काढून टाकतात आणि हे जमणार नसेल तर घरटे लावूच नका, असे बजावतात. चिमणीला हुसकणे आपल्याला क्रूर वाटेल. आक्षेप खरा आहे. पण तिथे चिमणी माणसाने नेऊन सोडलेली आहे आणि तिने बळकावलेल्या प्रत्येक ढोलीची किंमत मूळ रहिवासी मोजतो. माणसाने बिघडवलेले माणसानेच निस्तरायला हवे. पक्षी अशाने परावलंबी होतो, हा दुसरा आक्षेपही ऐकू येतो. मात्र आज लावलेल्या रोपाच्या खोडात ढोली व्हायला कित्येक दशके जावी लागतात. तोवर पक्ष्याने कुठे जायचे? शिवाय घरटे मिळाले तरी पिल्लांना किडे हवेत. फवारणी केलेल्या हिरवळीत ते उरत नाहीत, आणि हिवाळ्यात लागणारी फळे देणारी देशी झुडपेही तिथे नसतात.

तीच चिमणी आपल्याकडे मूळची, आणि आपण तिच्यासाठी घरटी वाटतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला चिमणी दिन साजरा होतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण चिमणीची पिल्लेही मुख्यतः किड्यांवरच वाढतात. फरशी घातलेल्या, औषध फवारलेल्या सोसायटीच्या आवारात गॅलरीत टांगलेले घरटे त्यांना पोसू शकत नाही. घरटे वाटणाऱ्या महापालिकांनी आणि संस्थांनी त्यासोबत एक देशी झुडूप द्यावे, हंगाम संपल्यावर घरटे साफ कोण करणार हे लिहून घ्यावे, आणि रस्त्याला धोका नसलेले वठलेले झाड उभे राहू द्यावे. पोपट, पिंगळा, दयाळ यांच्या ढोल्या त्याच झाडांत असतात.