घाटात दमणारी मोटार

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. अशा गावात टर्बोची मोटार ठेवणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात घोडा बांधणे. पण भाच्याला हे सांगणार कोण? तो नोकरीला मालवणात, राहायला आमच्याकडे. पुण्याहून त्याने अठराशे सीसीची जुनी पेट्रोल मोटार आणली आणि तीतून दर शनिवारी आम्ही दोघे बेळगावला ताईकडे जाऊ लागलो.

सपाटीवर गाडी वाऱ्यासारखी. दाणोली सोडून आंबोलीचा चढ लागला, की मात्र धापा टाकी. पाय दाबावा, तर वेग वाढण्याऐवजी आचके! जुलैतल्या एका रात्री दाट धुक्यात, पाठीशी भरलेला ट्रक असताना, ती ऐन वळणावर बसली. मी पावसात उतरून ट्रकवाल्याला विजेरी दाखवीत उभा राहिलो. ट्रक दोन हातांवर थांबला. त्या रात्री ताईकडे आम्ही दोघेही फारसे जेवलो नाही.

टर्बोची युक्ती तशी जुनी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून फुकट जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात हवा कोंबते. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवे. ते कमी पडले तर नुसती ताकद जाऊन भागत नाही; आतली उष्णता वाढून पिस्टनचा माथाही वितळू शकतो.

मी वडीलकीच्या अधिकाराने निदान केले : पेट्रोलचा पंप गेला. कुडाळच्या मेस्त्रींनी आधी फिल्टर बदलला, मग आमच्याच आग्रहाखातर पंप. भाच्याचा निम्मा पगार गेला आणि शनिवारी त्याच चढावर तेच आचके. भाचा चिडला. मालवणच्या बाजारात, चहाच्या दुकानात, भेटेल त्याला सांगू लागला, मेस्त्रींनी नकली पंप घातला म्हणून. मी शेजारी बसून मान डोलवीत होतो. हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

मेस्त्रींच्या कानावर ते गेलेच. मला म्हणाले, "मामानू, गाडी मरता घाटात आणि तुमी बघतास अंगणात. आधी मापूया."

त्यांनी इंजेक्टरच्या नळीला दाबाचा मीटर जोडला, लांब रबरी नळीने तो बोनेटच्या फटीतून बाहेर काढला आणि समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटवला. पेट्रोलची नळी माणसांत आणायची नाही, हा त्यांचा दंडक. (थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाड्यांत शंभर बारांच्या वर दाब असतो, तिथे असली हौस घरी मुळीच करू नये.) उभ्या गाडीत काटा अडीच बारांवर. रेग्युलेटरची हवेची नळी काढली, तर बरोबर तीन. म्हणजे सारे ठीक! पण टर्बो जेवढी हवा कोंबेल तेवढाच पेट्रोलचा दाबही चढला पाहिजे. हवा पाऊण बार, तर काटा पावणेचारांच्या आसपास हवा. दाणोलीच्या वर काटा साडेतीनपर्यंत चढला, थरथरला आणि सव्वादोनांवर आला. त्याच क्षणी आचका.

विहिरीवरच्या पंपाचे असेच असते. एक नळ सोडला तर धार जोरात. साऱ्या माडांना एकदम पाणी सोडले की पंपाचे बळ उघडे पडते. उभ्या गाडीला पेट्रोल लागते थोडे, उरलेले टाकीत परत जाते, म्हणून अशक्त पंपही तिथे दाब राखतो.

पण पंप तर नवा! मेस्त्रींनी मागची सीट उचलून पंपाच्या तोंडाशी व्होल्टमीटर धरला. इंजिन चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट, पंपाला जेमतेम अकरा. मग एक टोक पंपाच्या अर्थिंगच्या वायरला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. काटा जवळजवळ शून्यावर हवा; दाखवला पावणेतीन. चोर सापडला. वायरीचा माग काढत ते डिकीत गेले. गालिचा उचलला, तर पत्र्याला कसलेला बोल्ट गंजून फुगलेला आणि तांब्याच्या टोकावर हिरवी बुरशी.

मेस्त्रींनी वाकून वास घेतला.

"मामानू, डिकीत माशे नेतास काय?"

बेळगावात ताईला मालवणची सुरमई मिळत नाही. दर शनिवारी थर्मोकोलचा डबा बर्फ आणि मीठ घालून मीच भरत होतो, मीच डिकीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवीत होतो. भाच्याला नको म्हणायला वेळही देत नव्हतो. खारे पाणी महिनोन्‌महिने त्या बोल्टवर ठिबकत होते.

मेस्त्रींनी पत्रा घासला, वायरीला नवे टोक लावले, वर ग्रीस चोपडले. पंप बदलायला नकोच होता. पुन्हा घाट चढलो. काटा पावणेचारांच्या जरा खाली स्थिर राहिला. मजुरी विचारली, तर म्हणाले, "चायचे दिया."

परतताना भाच्याला मी गाडी मालवणच्या बाजारात थांबवायला लावली. त्याच दुकानात, त्याच बाकावर, भरल्या गर्दीत मी माशांची हकिगत सांगितली. लोक पोट धरधरून हसले. भाचा हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच कुडाळला जाऊन आला. काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

सुरमई अजून बेळगावला जाते. डबा माझ्या मांडीवर असतो.