राधाचं घर आणि आपल्या घरची आजी

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी कोणते पुस्तक घ्यावे, हा वादाचा विषय होऊ शकतो, हे ज्यांच्या घरी त्या वयाचे मूल नाही त्यांना पटणे कठीण. आमच्यापैकी एकाचे अध्यापन अमरावतीत, दुसऱ्याचे अकोल्यात. दोन्ही गावांतील तरुण आईवडिलांशी, म्हणजे सहकारी, शेजारी आणि माजी विद्यार्थी यांच्याशी बोलताना माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या चित्रपुस्तकाचा विषय अनेकदा निघाला. एकाच पुस्तकाविषयी मते इतकी परस्परविरुद्ध निघाली की त्यांचा थोडा विचार करावासा वाटला.

पुस्तक साधेच आहे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले. राधा नावाची लहानगी आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते, एवढाच त्याचा ऐवज. शब्द आणि चित्रे दोन्ही पुरंदरे यांचीच. बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, हे वाचकांना ठाऊक असेलच.

पहिला आक्षेप बहुधा वडिलांचा असतो: यातून मूल शिकणार काय? यात तात्पर्य नाही, अंक नाहीत, 'अननसाचा अ' नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागे मोठी परंपरा उभी आहे. पंचतंत्राची चौकटच मुळी राजपुत्रांना शहाणे करण्याची. युरोपात कोमेनिअसने १६५८ मध्ये मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले, तेही लॅटिन शिकवण्याकरिता. चित्राने शिक्षकाच्या हाताखाली राबावे, हा समज असा फार जुना आहे. परंतु दोन वर्षांच्या मुलाला कागदावरच्या चार रेषा म्हणजे आजी, हे ओळखता येणे हीच केवढी मोठी बौद्धिक झेप आहे! खरी आजी स्वयंपाकघरात, कागदावरची आजी मांडीवर, आणि दोघींना नाव एकच. साक्षरतेचा आरंभ येथे होतो. अक्षरे नंतर येतात. ज्या पुस्तकात काही विशेष घडत नाही, त्यातच मुलाला आपले रोजचे जगणे ओळखू येते. त्यामुळे तात्पर्य नसणे ही या पुस्तकाची उणीव नव्हे.

दुसरा आक्षेप किमतीचा आणि पाने फाटण्याचा. त्याचे उत्तर सोपे आहे. या वयातले पुस्तक हाताळून फाटावे, कपाटात राहून नव्हे. विकत घेणे परवडत नसेल, तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतात.

तिसरा मतभेद आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो पुस्तकाच्या मजकुराविषयी नाहीच. पुस्तक मुलाला वाचून कोणी दाखवावे आणि कोणत्या भाषेत, याविषयी तो आहे. आई-वडील कामावर गेले की आपल्याकडच्या अनेक घरांत मूल आजीजवळ असते. आजी पुस्तक उघडते आणि म्हणते, "हे पाय, राधाची आजी. काय करून रायली?" संध्याकाळी सून किंवा मुलगा तिला दुरुस्त करतो: 'पाय' नाही, 'पाहा' म्हणा, 'करून रायली' नाही, 'करते आहे' म्हणा, पोराला शाळेत त्रास होईल. दोन-चार वेळा असे झाले की आजी पुस्तक बाजूला ठेवते आणि टीव्ही लावते.

शाळेची काळजी खोटी नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, हे आम्ही महाविद्यालयातसुद्धा पाहतो. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही गप्प बसणारी मुले आमच्यासमोर असतात. पण ही मुले वऱ्हाडी येते म्हणून गप्प बसत नाहीत. आपल्या घरची बोली पुस्तकात बसत नाही, हा धडा त्यांना फार लवकर मिळालेला असतो, म्हणून ती गप्प बसतात. हाच धडा आता दुसऱ्या वर्षी, आजीच्या मांडीवर द्यायचा का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

येथे अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरची आठवण होते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तेथेच. केसोबासांसारखा पंडित संस्कृतात लिहू पाहत होता, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. तसे केल्यास आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, ही त्यांची चिंता 'स्मृतिस्थळा'त नोंदलेली आहे. ज्ञान कोणत्या भाषेत असावे, हे त्यांनी म्हाताऱ्यांकडे पाहून ठरवले. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर २०२५ मध्ये सारे राज्य पेटले आणि जून अखेरीस शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले. पहिलीच्या आधी घरात काय होते, याची मात्र चर्चा झाली नाही. तेथे म्हाताऱ्या रोज नागवल्या जात आहेत, आणि त्या आपल्याच हातून.

मग पुस्तकातली प्रमाण भाषा चुकीची का? मुळीच नाही. शीर्षकच पाहावे: 'राधाचे घर' नव्हे, 'राधाचं घर'. लेखिकेने ग्रंथभाषेचा हट्ट सोडून बोलण्यातले रूप मुखपृष्ठावर घेतले. तिने आपल्या बोलण्याला पुस्तकात जागा दिली, तशी आपण आपल्या बोलण्याला वाचनात द्यावी. आई-वडिलांनी छापील वाक्ये जशीच्या तशी वाचावीत, आजीने चित्रे आपल्या शब्दांत सांगावीत. एका वस्तूला दोन रीतींनी बोलता येते हे मुलाला कळले, तर त्याचे नुकसान होत नाही. त्याच्याजवळ एक भाषा जास्त होते. मेळघाटातील कोरकू मुले तर घरची भाषा आणि शाळेची मराठी यांत याहून कितीतरी मोठे अंतर चालून जातात.

दोन वर्षांचे मूल पुस्तक एकटे वाचत नाही. अर्धे पुस्तक छापलेले असते, उरलेले अर्धे वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडी असते. पुस्तक चांगले की वाईट यावर आई-वडिलांनी खुशाल भांडावे. त्या भांडणात हे दुसरे अर्धे गप्प होऊ देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.