वाया गेला की घालवला?

आपल्या भाषेत एक फार सोयीचं क्रियापद आहे, वाया जाणे. "पोरगं गुणी होतं, पण वाया गेलं." हे वाक्य चाळीच्या पायरीवर ऐकू येतं, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकू येतं, आणि खेदानं सांगावं लागतं की आपल्या विहाराच्या ओट्यावरही ऐकू येतं. पाणी वाया जातं, अन्न वाया जातं, तसं पोरगं वाया जातं. नळ कुणी उघडा ठेवला होता हे विचारायची गरजच उरत नाही. आणि दोषी शोधायचाच झाला तर दोन नावं तयार असतात. एक पोराची संगत, दुसरी पोराची आई.

आम्ही आज या वाक्याशी भांडायला बसलो आहोत. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतो. जवळचं घेतलं की लगेच "तुम्ही सगळीकडे जात आणता" असा गळा काढला जातो, आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं यंग्सटाऊन हे पोलादाचं गाव. १९ सप्टेंबर १९७७ या दिवशी तिथल्या मोठ्या पोलाद कंपनीनं आपला मुख्य कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. हजारो कामगार एका घोषणेनं रस्त्यावर आले. तिथले लोक त्या दिवसाला आजही 'काळा सोमवार' म्हणतात. १९३० साली १ लाख ७० हजार वस्ती असलेलं हे शहर २००० सालापर्यंत ८२ हजारांवर आलं. ज्यांना जाता आलं ते गेले. ज्यांच्याकडे दुसरीकडे घर घ्यायला पैसा नव्हता आणि ज्यांना गोऱ्या उपनगरांत कुणी घर देत नव्हतं, ते मागे राहिले. गिरणी संपानंतरच्या लालबाग-परळची गोष्ट ज्यांनी घरात ऐकली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. याच यंग्सटाऊनमध्ये १९८३ साली मॉरिस क्लॅरेट जन्माला आला. काळा मुलगा, गोळीबाराची सवय झालेली वस्ती, आणि पायांत विलक्षण ताकद.

त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू छातीशी धरून अंगावर येणाऱ्या माणसांच्या भिंतीतून घुसायचं, असा तो खेळ. क्लॅरेट घुसणाराच होता. २००२ साली ओहायो स्टेट विद्यापीठात पहिल्याच वर्षी तो मुख्य संघात आला आणि त्या हंगामात १,२३७ यार्ड धावला. विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. कॉलेजच्या सामन्याला एक लाख, हे आपल्याला खोटं वाटेल, पण तिकडे शनिवारचा हा धंदाच आहे. ३ जानेवारी २००३ ला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला. समोर मायामी. प्रतिस्पर्ध्यानं आपल्या संघाचा चेंडू हवेत पकडून पळवला, तेव्हा क्लॅरेटनं मागून धावत जाऊन त्याच्या हातातून तो हिसकावून परत आणला. आणि दुसऱ्या जादा डावात विजयाचा टचडाऊनही त्यानंच केला. ३१-२४. वय १९.

आता त्या सामन्याच्या आधीचे काही दिवस बघा. गावाकडचा त्याचा एक मित्र गोळीबारात मेला होता. त्याला अंत्यविधीला जायचं होतं, विमानाचं भाडं विद्यापीठाच्या मदतनिधीतून हवं होतं. विद्यापीठ म्हणालं, कागदपत्रं भरलेली नाहीत. तो पत्रकारांसमोर म्हणाला, अधिकारी खोटं बोलत आहेत. कागद कुणी भरला, कुणी नाही, यात आम्ही पडत नाही. पण ज्याच्या पायांवर कोट्यवधी डॉलरचा सामना उभा होता, त्याच्या खिशात मित्राच्या मातीला जायचं भाडं नव्हतं, हे तर दोन्ही बाजूंना मान्य होतं ना?

खिशात भाडं का नव्हतं? कारण कॉलेजच्या खेळाडूला पगार द्यायला मनाई होती. त्याला फी, राहणं आणि जेवण मिळायचं. मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक तेव्हाच वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे घेत होते. टीव्हीचे हक्क, बूट कंपन्यांचे करार, खेळाडूच्या क्रमांकाचे सदरे, सगळं विकलं जायचं. फक्त खेळाडूनं काही विकायचं नाही. कारण तो 'विद्यार्थी-खेळाडू'.

या शब्दाचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावा असा आहे. १९५० च्या दशकात कॉलेज क्रीडा संघटनेचे प्रमुख वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या मंडळींनी तो जाणीवपूर्वक रुजवला. खेळाडू 'कामगार' ठरला तर मैदानावर मेल्यास त्याच्या विधवेला भरपाई द्यावी लागेल, ही भीती होती. रे डेनिसन नावाचा खेळाडू मैदानावरच्या दुखापतीनं मेला, त्याच्या पत्नीनं दावा लावला, आणि १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. एका शब्दानं केवढं काम केलं बघा. नाव द्यायचं सन्मानाचं आणि हक्क काढून घ्यायचा, ही युक्ती आपल्याला नवी आहे का? आपल्याकडे 'बलुतेदार' या शब्दातही गावाचा मान होता म्हणे. तो मान मेलेली जनावरं ओढायच्या वेळी दिसायचा.

आता क्लॅरेटच्या 'मैदानाबाहेरच्या भानगडी'. २००३ च्या उन्हाळ्यात त्याच्यावर परीक्षेत गैरवाजवी सवलत घेतल्याचा आरोप झाला. तो टिकला नाही. मग दुसरं प्रकरण. मोटार विक्रेत्याकडून वापरायला घेतलेल्या गाडीतून आपला दहा हजार डॉलरहून जास्त किमतीचा माल चोरीला गेला, अशी तक्रार त्यानं पोलिसांत दिली. रक्कम फुगवलेली होती. न्यायालयात हे प्रकरण शेवटी एका किरकोळ गुन्ह्यावर आणि १०० डॉलर दंडावर मिटलं. विद्यापीठानं मात्र त्याचा अख्खा हंगाम बंद केला. न्यायाधीशाला जे १०० डॉलरचं वाटलं, त्याची विद्यापीठानं लावलेली किंमत एक करिअर.

बरं, कॉलेज खेळू देत नाही तर व्यावसायिक खेळू म्हटलं, तर तिथेही दार बंद. एनएफएल या व्यावसायिक लीगचा नियम असा की शाळा सुटल्यावर तीन हंगाम गेल्याशिवाय खेळाडू घ्यायचा नाही. म्हणजे तीन वर्षं कॉलेजात फुकट राबल्याशिवाय पोटाला मिळणार नाही. क्लॅरेट कोर्टात गेला. ५ फेब्रुवारी २००४ ला न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात तो जिंकला. त्या भरवशावर त्यानं व्यावसायिक निवडीसाठी नाव दिलं. २४ मे २००४ ला अपील न्यायालयानं निकाल फिरवला. कारण काय? हा नियम लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्या सामूहिक वाटाघाटींच्या चौकटीत बसतो. क्लॅरेट त्या युनियनमध्ये नव्हता. त्याला तिथे मत नव्हतं. ज्या टेबलावर त्याला खुर्चीच नव्हती, त्या टेबलावर ठरलेलं त्याच्यावर बंधनकारक झालं. या निकालपत्राच्या लेखिका सोनिया सोटोमायोर, ब्राँक्सच्या गरीब पोर्टो रिकन घरातून वर आलेल्या आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. आम्ही त्यांचा आदर करतो. पण आपल्यातलं माणूस खुर्चीवर बसलं की खुर्ची बदलली, असं समजणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

इथे आमचे मेरिटवाले मित्र हमखास विचारतात, "त्याच परिस्थितीतून दुसरे वर आलेच ना?" आले. एकाचं नाव घेऊ. लेब्रॉन जेम्स. तोही ओहायोचा, यंग्सटाऊनपासून फार लांब नसलेल्या ॲक्रनचा. क्लॅरेटपेक्षा वर्षभरानं लहान. तोही काळा, एकट्या आईनं वाढवलेला. आणि भानगड त्याचीही झाली होती. २००३ च्या जानेवारीत दुकानातून दोन जर्सी फुकट घेतल्या म्हणून शालेय क्रीडा संघटनेनं त्याला अपात्र ठरवलं. न्यायालयानं काही दिवसांतच त्याला परत मैदानावर आणलं. त्याच वर्षी तो शाळेतून थेट व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला, कारण बास्केटबॉलला तेव्हा तीन वर्षांची अट नव्हती. बूट कंपनीचा करार सुमारे ९ कोटी डॉलरचा. लेब्रॉन असामान्य खेळाडू आहे, यात वाद नाही. पण क्लॅरेट काय सामान्य होता? एका पोराच्या खेळाचं दार उघडं होतं, दुसऱ्याच्या खेळाचं बंद होतं. समाजशास्त्रात याला संरचना म्हणतात. आपल्या आज्या याला 'वरून बांधलेलं' म्हणायच्या. लोक तिला नशीब म्हणून मोकळे होतात.

पुढचं लवकर सांगतो. दोन वर्षं मैदानाबाहेर. वजन वाढलं, दारू वाढली. २००५ साली डेन्व्हरनं त्याला १०१ व्या क्रमांकावर निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच काढून टाकलं. १ जानेवारी २००६ ला कोलंबस शहरात त्यानं बंदुकीच्या धाकानं दोन माणसांना लुटलं. ऑगस्टमध्ये पोलिसांनी पाठलाग करून पकडलं, तेव्हा अंगात बुलेटप्रूफ जाकीट आणि गाडीत भरलेल्या बंदुका. साडेसात वर्षांची शिक्षा.

लुटलेल्या त्या दोन माणसांच्या कपाळावर बंदूक होती. ती व्यवस्थेनं नव्हे, क्लॅरेटनं धरली होती. हे आम्ही लपवत नाही, आणि कुणी लपवूही नये. त्यानं गुन्हा कबूल केला, साडेतीन वर्षांवर तुरुंग भोगला. त्याचा हिशेब झाला. आम्ही विचारतो ते इतरांच्या हिशेबाचं. त्या विद्यापीठाच्या कपाटात २००२ चा करंडक आजही आहे. तो कुणी परत केला नाही.

आणि तुरुंगात काय झालं? हा माणूस वाचू लागला, लिहू लागला. २०१० साली सुटला. पुढे २०१६ मध्ये यंग्सटाऊनमध्येच त्यानं मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचं काम करणारी 'द रेड झोन' ही संस्था उभी केली. म्हणजे डोकं होतं, शिस्त होती, लोकांना धरून ठेवायची ताकद होती. ती ओहायो स्टेटला चार भिंतींच्या वर्गात दिसली नाही, कारण तिला फक्त पाय हवे होते. 

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं कॉलेज क्रीडा संघटनेच्या विरोधात निकाल दिला. पुढच्याच महिन्यापासून कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा विकून कमावता येऊ लागलं. २०२५ पासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. कालपर्यंत ज्याला भ्रष्टाचार म्हणत होते, त्याला आज करार म्हणतात. मुलं तीच, वस्त्या त्याच. बदलला तो नियम. आणि एनएफएलची तीन वर्षांची अट तशीच आहे.

आता आपल्याकडे या. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून काळ्या समाजाच्या संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली पँथर हे नाव आपण तिकडूनच घेतलं. तेव्हा क्लॅरेटची गोष्ट परक्याची नाही. पळवणकर बाळूंना आठवा. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिन्याला चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळणारा चांभाराचा पोरगा, साहेबांना तासन् तास गोलंदाजी करायचा. फलंदाजी त्याला कुणी दिली नाही. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहा मिळायचा मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. आणि याच बाळूंना काँग्रेसनं १९३७ साली बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. हात वापरायचे, माणूस नाही.

'झुंड' सगळ्यांनी पाहिला, शिट्ट्या मारल्या. त्यात मैदानावरचा सामना झाल्यावर खरा सामना सुरू होतो तो कागदांचा, पासपोर्टचा, पोलीस केसचा. आपल्या वस्तीत हा सामना रोज चालू आहे. जानेवारी २०१८ च्या बंदनंतर वस्त्यावस्त्यांत कोम्बिंग झालं, पोरांवर गुन्हे नोंदले गेले. ज्याच्यावर एफआयआर आहे, त्याचं चारित्र्य पडताळणीत काय होतं, हे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा. कबड्डीचा जिल्हा संघ, क्रीडा कोट्याची नोकरी, सगळं त्या एका कागदाशी येऊन थांबतं.

आणि आपण काय करतो? पोरगं पदक घेऊन आलं की चौकात बॅनर, निळा फेटा, जयंतीच्या मंचावर सत्कार. त्याच पोरावर केस पडली की बॅनरवरचा फोटो गुपचूप उतरतो आणि मंडळी म्हणतात, वाया गेला. एक लाखाच्या मैदानात आणि आपल्या मंचात मग फरक काय?

यंदा जयंतीच्या हिशेबाला बसताना आम्ही आमच्या मंडळापुढे हे ठेवणार आहोत. डीजेच्या रकमेतला तिसरा भाग वेगळा काढायचा. त्यातून वस्तीतल्या खेळाडूंच्या केससाठी वकिलाची फी, पडताळणीची कागदपत्रं करून देणारा एक माणूस, आणि गावाकडे कुणी मेलं तर रात्रीच्या एसटीचं भाडं. पैसे कुणाला दिले हे मंचावरून सांगायचं नाही. तुमच्या मंडळात हा ठराव मांडला तर पहिला विरोध कोण करतं, ते आम्हाला जरूर कळवा.