चार जीबीची वेस



लग्नसराई संपली की आपल्या सचिन-उधना भागातल्या घरांत एक काम हमखास निघतं: जळगाव-धुळ्याला झालेल्या लग्नाचं शूटिंग नातेवाइकांना पेनड्राइव्हवर द्यायचं. फोटो जातात, पण हळदीचा लांबलचक व्हिडिओ अडतो. 'फाइल खूप मोठी आहे' म्हणे. जागा तर भरपूर असते!

कारण फॉरमॅटमध्ये आहे. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात. त्यात फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटच असतात. त्यामुळे प्रत्येक फाइल ४ जीबीच्या आतच हवी, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना.

हजारो फायलींतून हाताने निवडत बसू नका. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये जा आणि इंग्रजी अक्षरांत ही कमांड द्या:

फाइंड . -टाइप एफ -साइज +४जी

टिंब म्हणजे हेच फोल्डर, एफ म्हणजे फक्त फायली, अधिक चिन्ह म्हणजे 'पेक्षा मोठ्या'. अडणाऱ्या फायलींची यादी समोर येते.

मग लहान फायलींसाठी '-साइज -४जी'? इथेच गोम आहे. फाइंड आकार पुढच्या पूर्ण जीबीपर्यंत वाढवून मोजते. साडेतीन जीबीची फाइल तिच्या लेखी ४. म्हणजे ती ना मोठ्यांत, ना लहानांत. नेमका मंगलाष्टकांचा व्हिडिओ तेवढा असेल आणि कॉपी झाली समजून तुम्ही लॅपटॉप साफ केलात, तर तो कायमचा गेला.

म्हणून 'लहान' मागू नका, 'मोठ्या नसलेल्या' मागा. '-साइज +४जी'च्या आधी उद्गारचिन्ह आणि एक जागा सोडा. यादी बरोबर वाटली की शेवटी कॉपीचा भाग जोडा:

-एक्सेक सीपी -एन --पॅरेंट्स {} पेनड्राइव्हचा पत्ता \;

दोन कॅमेऱ्यांच्या फायलींची नावं सारखी असू शकतात. 'पॅरेंट्स'मुळे फोल्डरांची रचना तशीच राहते, आणि 'एन'मुळे आधीची फाइल पुसली जात नाही.

मोठ्या फायली एक्सफॅट फॉरमॅटच्या डिस्कवर न्या. आणि मूळ फायली पुसण्याआधी दोन्हीकडच्या फायली मोजा. आकडा जुळला, एखाद-दोन व्हिडिओ चालवून पाहिले, की मगच डिलीट!