पद्मदुर्गाचा चुना

मंडळी, "अमुक किल्ला अमक्याने बांधला" हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. अहो, बांधला पाथरवटांनी, चुना मळणाऱ्यांनी! मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाची तटबंदी बघा. खाऱ्या वाऱ्याने, लाटांनी दगड झिजून आत गेलाय, सांध्यातला चुना मात्र अजून तसाच पुढे उभा. तो कुणी मळला? नाव नाही.

काम पोटावर चालतं हे शिवाजी महाराजांना पक्कं ठाऊक होतं. पद्मदुर्गाला पैसा-धान्य वेळेवर पोचलं नाही म्हणून १६७५ साली त्यांनी प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, पत्रातून चांगलंच फैलावर घेतलं. आणि आपण? २०२५ साली युनेस्कोच्या यादीवर फटाके फोडले (पद्मदुर्ग त्यात नाही, असो). त्या गर्दीत पाथरवटांची आठवण काढलेली मी तरी ऐकली नाही.