गुंठ्याएवढा ठिपका

कन्नडमध्ये कापसाला ‘हत्ती’ म्हणतात. बैलहोंगलच्या काळ्या रानात हत्ती फार, असं म्हटलं की आमच्या निपाणीकडची पोरं खो-खो हसतात. मंडळी, हा कापूस आता आकाशातूनही बघता येतो.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांपैकी पहिला २०१५ साली वर गेला. त्यांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवी. चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा! एकराचे ४० ठिपके.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. पीक खंगलं की हा फरक कमी होतो. त्यावरून कुठला गुंठा मागे पडला ते कळतं.

का मागे पडला, ते मात्र कळत नाही. पाणी साचलं, खत कमी पडलं, की तुडतुडे लागले? तण माजलं तरी चित्र हिरवंच. पावसाळ्यात ढग आडवे येतात. आणि गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत लपलेली. वरून झाड हिरवंगार!

म्हणून माझं सांगणं एवढंच. मोबाईलवर पिवळा ठिपका दिसला म्हणून लगेच पंप पाठीला लावू नका. आधी त्या गुंठ्यात जा, पानं उलटून बघा. आणि ठिपका हिरवा असला तरी बोंडं धरल्यावर चार बोंडं फोडून बघाच. उपग्रह वाट दाखवतो, चालायचं आपणच.