पक्कडवाल्यांना आवरा!

पक्कड हे हत्यार बंदुकीसारखं परवान्यावरच मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदूकवाला गोळी झाडण्यापूर्वी निदान 'खबरदार' तरी म्हणतो. पक्कडवाला नुसता 'बघू' म्हणतो आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवेपर्यंत चाळीस वर्षांची जुनी वायर तोडून मोकळा होतो. वर पुन्हा, "आता सरळ जोडून टाकू, कशाला ती अ‍ॅडॅप्टरची भानगड!"

त्या भानगडीचं वकीलपत्र मी घेतलेलं आहे.

नाणं टाकून खेळायचे ते जुने व्हिडिओ गेम आठवतात ना? कपाटाएवढं लाकडी खोकं, त्यात टीव्हीसारखा मॉनिटर, खाली दांडा आणि बटणं. पण तो नुसता थाटमाट. खरा खेळ आतल्या सर्किट बोर्डात. बोर्डाच्या कडेला धातूच्या पट्ट्यांची रांग असते, ती कनेक्टरच्या खाचेत बसते आणि वीज, चित्र, आवाज, बटणं हा सगळा व्यवहार त्या एका खिडकीतून चालतो. आता त्याच खोक्यात दुसरा बोर्ड घालावा म्हटलं, तर त्याची खिडकी वेगळी! १९८० चा नाम्कोचा पॅक-मॅन ४४ टोकांचा, आणि त्याला वीज हवी एसी. डीसी त्याची तो घरीच करून घेतो. (विकतच्या पिठाची पोळी न खाणाऱ्या आमच्या एका आत्याबाई होत्या, त्यांच्याच कुळातला.) निन्टेन्डोच्या १९८१ च्या डाँकी काँगची तऱ्हा आणखी न्यारी. त्याचे रंगच उलटे. साध्या मॉनिटरला जोडला तर काळ्याचं पांढरं होतं. ज्यांना ही सोय मनापासून हवी असते त्यांना हा खेळ ठाऊक नाही, हे आमच्या बँकांचं भाग्य.

शेवटी १९८५ साली जपानमधल्या या धंद्याच्या संघटनेनं एक ठरीव मांडणी केली. तिचं नाव जाम्मा. टोकं ५६, एका बाजूला १ ते २८ आकडे, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं, त्यांतून जी, आय, ओ आणि क्यू ही दगाबाज मंडळी वगळलेली. आमच्याकडे येणाऱ्या स्लिपांवरचं अक्षर पाहता हे शहाणपण मला फार पटतं.

जुना बोर्ड जाम्माच्या खोक्यात चालवायचा तर दोनच मार्ग. एक पक्कडीचा. दुसरा, मध्ये दुभाष्या बसवण्याचा: एका टोकाला जाम्माची कड, दुसऱ्या टोकाला जुन्या बोर्डाचा कनेक्टर, मध्ये वीतभर वायरी. ना खोकं कापायचं, ना बोर्ड. उद्या नको झालं तर काढून ठेवा, दोन्ही पक्ष जसेच्या तसे.

हे बनवणं म्हणजे शुद्ध ट्रायल बॅलन्स आहे. डावीकडे जाम्माची टोकं, उजवीकडे बोर्डाची, प्रत्येक नोंदीसमोर प्रतिनोंद. १, २, २७, २८ ही ग्राउंड. ३ आणि ४ वर ५ व्होल्ट. पाचव्यावर उणे ५. हे माझं लाडकं टोक, सरळसरळ ओव्हरड्राफ्ट. आणि सहाव्यावर १२! म्हणजे पाच आणि बारा यांच्यामध्ये फक्त एक घर. पाच व्होल्टच्या त्या जुन्या चिपांची मर्यादा सव्वापाचाची. तिथे बारा पोचले तर तो बोर्ड गेला, आणि त्या खेळापुरत्या बनवलेल्या खास चिपा आता कुठून आणणार? सातव्या घरात वायर नसतेच, कनेक्टर उलटा बसू नये म्हणून पाचर असते. लोककल्याणासाठी मारलेली पाचर मी आयुष्यात ही एकच पाहिली.

डाग देऊन झाले की बोर्ड न लावता नुसता अ‍ॅडॅप्टर मल्टीमीटरनं तपासायचा. जिथे 'पीं' वाजायला हवं तिथे वाजतं ना, हे सगळेच बघतात. जिथे वाजायला नको तिथे गप्प आहे ना, हे बघायला कोणाला वेळ नसतो. ग्राउंड आणि पाच यांच्यात 'पीं' झालं की हिशेब चुकला. चूक सापडल्याशिवाय उठायचं नाही.

"पण भावोजी, कापून जोडलं तर दहा मिनिटांचं काम!" इति आमचे मेहुणे. कबूल. पण तो रंगीत वायरींचा जुडगा म्हणजे त्या यंत्राचं व्हाउचर आहे. कुठून काय कुठे गेलं, याचा पुरावा. तो फाडून ताळेबंद मांडणाऱ्या माणसाला बाहेरच्या जगात काय म्हणतात, हे मेहुण्यांना सांगायला नको. ते ऑडिटर आहेत.

दुसरा पंथ सोवळ्यातल्यांचा. अस्सल बोर्ड अस्सल खोक्यातच चालला पाहिजे! चालवा की. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये तिसरं कपाट आलं की आईला गॅलरीत झोपवावं लागेल. एक खोकं आणि डबाभर अ‍ॅडॅप्टर, एवढ्यावरच मध्यमवर्गीयाला संग्रहालय परवडतं.

पुतण्या म्हणतो, "काका, मेम आहे ना, सगळे गेम कंप्युटरवर!" आहे, १९९७ पासून आहे, आणि मोठंच काम आहे. पण त्यातला मजकूर खऱ्या बोर्डांच्या चिपांतूनच उतरवलेला आहे ना? नक्कल बरहुकूम आहे की नाही हे ठरवायला नमुना सही लागते, आणि ती सही जिवंत असावी लागते. चेकवरची सही चेकशीच ताडून बघणारा कॅशियर चार दिवस टिकणार नाही.

राहिले 'सगळ्यांचं एकच करून टाका'वाले. जाम्मानं माणशी तीन बटणं धरली होती. १९९१ साली कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर २ आला, त्याला हवी सहा! मग लाथांच्या बटणांसाठी वेगळा कनेक्टर काढावा लागला. 'एकच' झालेल्यात सहा वर्षांत लाथेला जागा उरली नाही.

तेव्हा वायर, कथील आणि स्लीव्ह तपकीर गल्लीतून आणावी, कनेक्टर मिळेल तिथून मागवावा, आणि झालेल्या अ‍ॅडॅप्टरवर खेळाचं नाव लिहून चिठ्ठी डकवावी. ४४ टोकांचे बोर्ड पुष्कळ आहेत, खिडकी सारखी आणि आतली खाती निराळी. चिठ्ठी बॉलपेननं लिहू नये, पुसते. आणि मेहुण्यांच्या हाती देऊ नये.